विकासाचे टप्पे : ‘कधी’ बघताना ‘कसं’ही बघा

आजचा भाग लहान बाळांच्या आईबाबांसाठी आहे, आणि आजी-आजोबांसाठी तर आहेच आहे. कारण "अजून पालथी पडत नाही का गं?" हा प्रश्न घरात बहुतेक वेळा तेच विचारतात. त्यात काळजी असते हे खरं, पण विचारणाऱ्याचा प्रश्न पाच मिनिटांत संपतो आणि आईच्या डोक्यात तो रात्रभर फिरत राहतो.

माझी मुलगी आता बारा महिन्यांची झाली. घरात सगळे तिला ठकू म्हणतात, तर आपणही तेच म्हणू. ठकू चौतिसाव्या आठवड्यात झाली, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. त्यामुळे तक्त्यातले आकडे आणि समोरचं बाळ यांचा मेळ घालणं हे वर्षभर माझं जवळजवळ रोजचं काम होतं. त्यातून जे समजलं, जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारून जे पक्कं केलं, ते आज सांगते.

हे तक्ते आले कुठून?

बाळाच्या वाढीच्या नोंदी ठेवायची हौस जुनी आहे. चार्ल्स डार्विननं 1839 साली जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या नोंदी लिहून ठेवल्या होत्या. त्या त्यानं 1877 मध्ये छापल्या. पुढे जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या तीन मुलांकडे बघत बघत मोठे सिद्धांत मांडले. म्हणजे दोघंही आधी बाप होते, घरात बसून वहीत लिहिणारे.

पण एका घरातल्या बाळावरून सगळ्यांचं मोजमाप होत नाही. म्हणून अमेरिकेत बऱ्याच मुलांना तपासून तक्ते आणि चाचण्या तयार झाल्या. प्रश्न असा, की तिकडच्या बाळांवरून काढलेले आकडे आपल्या बाळांना लावायचे का? यावर खरं काम केलं ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी. एक ते तीस महिन्यांच्या भारतीय बाळांच्या शारीरिक आणि मानसिक वाढीवरचा त्यांचा अहवाल 1970 मध्ये आला. त्यातूनच ‘डासी’ ही चाचणी उभी राहिली. त्यात हालचालींच्या 67 आणि मानसिक वाढीच्या 163 अशा एकूण 230 गोष्टी तपासतात. तिची सुधारित पुस्तिका 1997 मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाली. आजही बाळाची सविस्तर तपासणी करायची म्हटली, की आपल्याकडे ही चाचणी वापरतात.

230 हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आपण घरात पाच-सहाच गोष्टी मोजतो: मान धरली, पालथं पडलं, बसलं, रांगलं, चाललं, बोललं. तपासणाऱ्यांना मात्र त्या प्रत्येक गोष्टीच्या मधल्या पन्नास पायऱ्या बघायच्या असतात.

तारीख नाही, खिडकी

जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांच्या हालचाली नोंदवल्या. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि ते एकेका तारखेत नव्हते, तर ‘पासून-पर्यंत’ असे होते. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. हातापायांवर रांगणं 5.2 ते 13.5 महिने. आधाराशिवाय चालणं 8.2 ते 17.6 महिने.

म्हणजे बघा, एक बाळ साडेआठ महिन्यांत चाललं आणि दुसरं सतरा महिन्यांनी, तरी दोन्ही या खिडकीच्या आतच आहेत. आणखी एक गंमत, यातली शंभरातली साधारण चार मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरकलं, कुणी ढुंगणावर घसरत गेलं, कुणी थेट उभं राहिलं. ठकू आजही पोटावर सरकते. सोसायटीतलं तिच्याच महिन्यातलं बाळ चालतंय आणि आमची बाई फरशी पुसत निघालीय!

हे वेळापत्रक बाळाच्या आत कुलूपबंद असतं असंही नाही. आपण त्याला कसं वाढवतो यावर ते थोडं सरकतं. 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, कारण पालथं झोपण्याचा संबंध झोपेतल्या अचानक मृत्यूंशी दिसत होता. पाठीवर झोपणारी बाळं कुशीवर वळायला आणि रांगायला थोडी उशिरा लागली, पण चालायला लागायचं वय तेच राहिलं. म्हणून आता सांगतात, झोपताना पाठीवर आणि जागेपणी, आपण समोर असताना, थोडा वेळ पालथं.

आणखी एक उदाहरण. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला उभं धरलं तर ते पावलं टाकल्यासारखं करतं आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. पूर्वी समजत, की मेंदू पिकला म्हणून हे थांबलं. एस्थर थेलेन या संशोधिकेनं 1984 मध्ये अशा बाळांचे पाय पाण्यात बुडवून बघितले, तर पावलं परत सुरू! मेंदूनं काही बंद केलं नव्हतं, बाळसं धरल्यामुळे पाय जड झाले होते इतकंच. म्हणजे एखादी गोष्ट बाळाला का येत नाही, याचं उत्तर कधी मेंदूत असतं, कधी वजनात, कधी आपण त्याला जमिनीवर सोडतो की दिवसभर कडेवर घेतो यात.

आधी जन्मलेल्या बाळाचं वय कसं मोजायचं?

पूर्ण दिवस चाळीस आठवडे धरले तर ठकू सहा आठवडे आधी आली. ते सहा आठवडे तिच्या वयातून वजा करायचे. याला सुधारित वय म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत टप्पे त्यावरूनच बघतात. ती आज कॅलेंडरनं बारा महिन्यांची, टप्प्यांसाठी साडेदहा. लसी मात्र कॅलेंडरच्या वयानुसारच द्यायच्या, त्यात वजाबाकी नाही.

या विषयात पुण्याचं काम मोठं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर 1987 ते एप्रिल 1989 या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत चालवला. एवढी वर्षं त्याच मुलांना परत परत बोलावून तपासणं किती चिवट काम आहे विचार करा. घरं बदलतात, बदल्या होतात, फोन नंबर जातात.

त्यातून दोन गोष्टी दिसल्या. पहिली दिलासा देणारी: गट म्हणून या मुलांची बुद्धी सामान्य मर्यादेत होती. दुसरी सावध करणारी: पूर्ण दिवसांच्या मुलांच्या तुलनेत ती थोडी मागे होती, आणि आधी जन्मलेल्या व शिवाय पोटातही वाढ कमी झालेल्या मुलांना जास्त अडचण होती. बाराव्या वर्षी काहींना डोळा आणि हात यांचा मेळ घालणं, गणित, वाचन अवघड जात होतं. म्हणजे ‘एक वर्षाची झाली, चालली, सुटलो’ असं नसतं. लक्ष ठेवायचं ते शाळेपर्यंत. घाबरून नाही, नीट बघत.

नवा नाद म्हणजे नवी पायरी

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते. बाळाला दर थोड्या दिवसांनी एक नवा नाद लागतो आणि आपल्याला वाटतं, काय हा त्रास! खरं तर आतमध्ये काय नवीन तयार झालंय ते त्या नादातूनच कळतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ स्वतःचे हात तोंडापुढे धरून न्याहाळतं. हे दोन हात आपले आहेत आणि आपण म्हटलं की हलतात, हा शोध त्याला तिथे लागत असतो.

आठ-नऊ महिन्यांत चमचा खाली टाकायचा आणि वाकून बघायचं, हा खेळ सुरू होतो. आपण उचलून देतो, परत टाकतं. खोडसाळपणा नव्हे हा. नजरेआड गेलेली वस्तू संपत नाही, कुठेतरी असते, याची ते खात्री करून घेत असतं. म्हणूनच याच सुमाराला पदर तोंडावर घेऊन बुवा-कुक खेळलं की खिदळतं. आणि म्हणूनच याच सुमाराला आई आंघोळीला गेली की रडतं. आई दिसत नाही, पण कुठेतरी आहे, मग येत का नाही? रडणं आणि खिदळणं, दोन्हींचं मूळ एकच.

पुढे ताटातलं भाताचं एकेक शीत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलायचा नाद. ठकूला आत्ता हाच लागलाय. वरणभाताची वाटी संपायला पाऊण तास लागतो. पण हीच चिमट उद्या पेन्सिल धरणार आहे. (चिमट आली की जमिनीवरची बटणं, नाणी, शेंगदाणे आधी उचला, कारण सगळं तोंडात जातं.)

मग बोट दाखवणं. आधी हवं म्हणून दाखवतं, केळ्याकडे. नंतर एक दिवस नुसतं दाखवण्यासाठी दाखवतं: पंख्याकडे, खिडकीतल्या कावळ्याकडे, रस्त्यावरच्या बसकडे, आणि मग तुमच्याकडे वळून बघतं, की तुम्हीही बघताय ना? हे वळून बघणं फार मोलाचं. भाषेची तयारी त्यात असते. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून "हो गं, काऊ आला" एवढं म्हटलं तरी पुरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल, असं सांगितलंय. त्यामागचं एक कारण हेच, की स्क्रीन आपल्याकडे वळून बघणाऱ्या बाळाला उत्तर देत नाही.

आमच्याकडचा डावा हात

आता ‘कसं’ बघायचं म्हणजे काय ते आमच्याच घरातून सांगते. ठकू कॅलेंडरनं आठ महिन्यांची होती, सुधारित वय साडेसहा. तक्त्यात सगळं जागेवर होतं. हसत होती, पालथी पडत होती, आधारानं बसत होती, वस्तू पकडत होती. पण स्टीलचा चमचा तिच्या डाव्या बाजूला ठेवला, तरी ती अंग वळवून उजव्याच हातानं घ्यायची. डाव्या हाताची मूठ बराच वेळ मिटलेली असायची, अंगठा आत.

सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, उजवी होणार ती, चांगलंच आहे की." मी म्हटलं, "आई, असू दे, पण एकदा दाखवून येऊ." आठवडाभर रोज एक छोटा व्हिडिओ काढला: चमचा डावीकडे, चमचा उजवीकडे, चमचा मधोमध. मग आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी समजावलं ते असं: पहिल्या वर्षात बाळानं दोन्ही हात जवळजवळ सारखे वापरायला हवेत. डावरं की उजवं हे नंतर, साधारण दीड-दोन वर्षांपुढे ठरत जातं. त्याआधीच एक हात फार पुढे आणि दुसरा मागे दिसला, तर प्रश्न पुढच्या हाताचा नसतो, मागच्याचा असतो. दिवस कमी भरलेल्या बाळांमध्ये तर हे तपासायलाच हवं. डार्विनच्या नोंदीतही अशी एक गोष्ट आहे. त्याच्या मुलानं 77व्या दिवशी दुधाची बाटली उजव्या हातात धरली, डावा हात आठवडाभर मागे होता, आणि पुढे तोच मुलगा डावखुरा निघाला! म्हणजे इतक्या लवकर दिसलेल्या हातावरून ‘उजवी होणार’ हे सांगता येतच नाही.

तपासणीत ठकूच्या डाव्या हाताचे स्नायू थोडे ताठ आढळले. लगेच कुठलं नाव चिकटवायची घाई डॉक्टरांनी केली नाही, आम्हीही केली नाही. फिजिओथेरपी मात्र त्याच आठवड्यात सुरू झाली. बाकीचे व्यायाम म्हणजे खेळच: खुळखुळा मुद्दाम डावीकडून द्यायचा, मोठा चेंडू द्यायचा म्हणजे दोन्ही हात लावावेच लागतात, दोन वाट्या एकमेकींवर आपटायच्या, परात वाजवायची. खालच्या मजल्यावरच्यांनी फार सहन केलं! अकराव्या महिन्यात तिनं पहिल्यांदा दोन्ही तळवे उघडून टाळी वाजवली. डावा हात अजून मागे आहे, तपासण्या चालू आहेत, पुढे काय दिसेल ते बघू. पण लहान मेंदू फार लवचिक असतो आणि हे काम जितकं लवकर सुरू होतं तितकं बरं, हे आम्हाला प्रत्येक भेटीत सांगतात.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आम्हाला हात दिसले. आणि ते तक्त्यातल्या ‘वस्तू पकडते : हो’ या एका ओळीत दिसले नसते.

इथे थांबायचं नाही

खिडकी मोठी आहे म्हणून ‘होईल गं, प्रत्येक मूल वेगळं’ असं म्हणत बसायचं का? नाही. खिडकीला शेवटची कड असते. खालच्या गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना विचारा (बाळ आधी जन्मलं असेल तर सुधारित वय धरा):

– तीन महिने झाले तरी तुमच्याकडे बघून हसत नाही.
– पाच महिने होत आले तरी मान धरत नाही.
– नऊ महिने पूर्ण झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
– मोठ्या आवाजानं दचकत नाही, हाकेकडे वळत नाही, दहा महिन्यांपर्यंत बा-बा, दा-दा असे आवाज काढत नाही.
– एक वर्षाचं झालं तरी टाटा करणं, हात पुढे करणं, बोट दाखवणं यांतलं काहीच नाही.
– वर्षाच्या आत एकच हात किंवा एकच पाय वापरतं.
– दीड वर्षाचं झालं तरी आधाराशिवाय चालत नाही.
– आणि कुठल्याही वयात: आधी येत असलेली गोष्ट यायची बंद झाली.

शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. उशीर एकवेळ खिडकीत बसतो. आलेलं जाणं बसत नाही. त्यासाठी पुढच्या लसीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तरी रस्ता आहे. लसीकरणाच्या वेळी मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर टप्पे चित्रांसह दिलेले असतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना विचारता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि विकासात उशीर दिसला तर पुढची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात.

घरात करायच्या तीन गोष्टी

एक, वही ठेवा. तारीख आणि एक ओळ पुरे. ‘बसली’ एवढंच लिहू नका, ‘हात टेकून बसली, उजवीकडे कलते’ असं लिहा. डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात आणि बाळ नेमकं तेव्हाच झोपतं. तेव्हा वही आणि व्हिडिओ बोलतात.

दोन, जमिनीवर सोडा. चटई टाका, आपण शेजारी बसा. चाकं असलेल्या, बाळाला आत बसवायच्या वॉकरचा मोह टाळा. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं, आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडानं तर 2004 पासून त्यावर बंदीच घातली आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो बाळ स्वतः उभं राहून ढकलतं. तोही उभं राहता यायला लागल्यावर आणि आपण मागे असताना.

तीन, पडू द्या. अमेरिकेतल्या कॅरन अडॉल्फ यांच्या गटानं 2012 मध्ये मोजलं, तर बारा ते एकोणीस महिन्यांची बाळं खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. सतरा वेळा! आणि तरी परत उठतात. आपण दर वेळी "अगंऽऽ" करून ओरडलो, तर आपलाच घसा बसेल.

आणि हो, शेजारचं बाळ चाललं तर मनापासून कौतुक करा, पेढा खा. घरी आल्यावर आपल्या बाळासमोर बसा आणि ते आत्ता कशात गुंतलंय ते बघा. त्याला आज कसला नाद लागलाय, आणि ते करताना दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे कामात आहेत का?

तुमच्या बाळाला सध्या कसला नाद आहे ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात बाळाच्या पहिल्या शब्दांबद्दल आणि दोन-तीन भाषा बोलणाऱ्या घरांबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूया.